घरात येणारी नवी यंत्रे आणि आपला वेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 मी शाळेत पुष्कळ वर्षे शास्त्र शिकवले, तेव्हा यंदा बाजारात जी नवी नवी यंत्रे दिसत आहेत त्यांविषयी मीच बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. हळदीकुंकवाला भेटलेल्या भगिनींनी तर मला आधीच प्रश्न विचारून ठेवले आहेत. 'बाई, भांडी घासायचे यंत्र घ्यावे का?' 'तो आपोआप केर काढणारा गोल डबा आपल्या घरात चालेल का?' 'हातातल्या घड्याळाला रक्तातली साखर कळते म्हणतात, ते खरे का?' एकेकीला निराळे उत्तर देण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदम द्यावे, असा माझा विचार आहे.

प्रारंभीच सांगते, की मी कोणत्या दुकानाची वकिली करावयास उभी नाही. म्हणून कंपन्यांची नावे मी घेणार नाही. यंत्रांशी माझे वैरही नाही. माझी आई खेड्यात पहाटे चारला उठून जात्यावर बसत असे. ज्यांनी ते कष्ट पाहिले आहेत, त्या यंत्राला नावे ठेवावयास सहसा धजणार नाहीत. परंतु यंत्र घरात येते तेव्हा ते एकटे येत नाही. त्याच्याबरोबर विजेचे बिल येते, दुरुस्ती येते, आणि पुष्कळदा नवे कामही येते. म्हणून कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारावेत, असे मी सुचविते. पहिला प्रश्न, हे कोणाचा वेळ वाचविणार आणि तो वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडणार? दुसरा, हे वीज आणि पाणी किती खाणार? तिसरा, बिघडले तर दुरुस्त कोण करणार? आणि चौथा, घरातली कोणती गोष्ट हे बाहेर घेऊन जाणार?

यांतला पहिला प्रश्न सर्वांत मोठा आहे, म्हणून त्याविषयी आधी बोलते.

पिठाची गिरणी आली आणि बायकांची पहाट मोकळी झाली. त्याबरोबर जात्यावरच्या ओव्याही मागे पडू लागल्या. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज आपल्याला ऐकावयास मिळतात. ओव्यांसाठी पुन्हा जाते ओढावे, असे कोणीच म्हणणार नाही. पण त्या मोकळ्या झालेल्या पहाटेचे पुढे काय झाले, हे विचारावयास हरकत नाही. माझ्या आईच्या बाबतीत सांगायचे, तर गिरणी आल्यावर तिला झोप वाढली नाही. भावाचा शाळेचा डबा तोवर सुरू झाला होता.

स्वीडनचे एक डॉक्टर होते, हान्स रोस्लिंग. २०१० साली त्यांनी एका स्त्रियांच्या सभेत धुलाईयंत्रावर व्याख्यान दिले. त्यांच्या घरी पहिले यंत्र आले तेव्हा त्यांची आजी खुर्ची ओढून त्यासमोर बसली आणि कपडे धुऊन होईपर्यंत पाहत राहिली. कारण तिने जन्मभर चुलीवर पाणी तापवून हातांनी कपडे धुतले होते. रोस्लिंग यांच्या आईने मात्र यंत्र सुरू केले आणि मुलाला घेऊन ती ग्रंथालयात गेली. त्या माउलीला वाचलेला वेळ मिळाला, त्यातून मुलाला पुस्तके मिळाली आणि तिने स्वतःही पुस्तके आणून वाचली. यंत्राने काय करावे, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

याची दुसरी बाजू अमेरिकेतील इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली आपल्या 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात मांडली. पूर्वी त्यांच्याकडे सतरंज्या आणि गालिचे वर्षातून एकदोनदा अंगणात नेऊन झटकीत, आणि त्या कामाला घरातले पुरुष व मुलगे हात लावीत. केर ओढणारे विजेचे यंत्र आले. गालिचा जागच्या जागी साफ होऊ लागला. मग तो दर आठवड्याला साफ झालाच पाहिजे असे ठरले, आणि पुरुष व मुलगे त्या कामातून सुटले. श्रम हलके झाले, पण सगळे काम एकटीच्या अंगावर आले. आपल्याकडे याहून निराळे आहे काय? पूर्वी चादरी पंधरा दिवसांनी धूत असू. यंत्र आल्यावर त्या आठवड्याला निघतात, आणि एकदा घातलेला सदरा संध्याकाळी टोपलीत पडतो, कारण 'यंत्रच धुते ना!' ते कपडे वाळत घालणारे, घडी करणारे आणि कपाटात लावणारे यंत्र मात्र कोणाच्या घरी पाहिल्याचे मला आठवत नाही.

हा केवळ माझा तर्क नाही. आपल्या देशात माणसे दिवसाचा वेळ कशी घालवितात, याची पाहणी सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली केली आणि पुन्हा २०२४ साली केली. घरच्या माणसांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे इतका वेळ २०१९ साली जात होता. २०२४ साली तो २८९ मिनिटे झाला. म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा वेळ २०१९ साली ९७ मिनिटे होता, तो २०२४ साली ८८ मिनिटांवर आला. दहा मिनिटे आपली वाचली, तर नऊ मिनिटे त्यांचीही वाचली! आणि हे जे काही घरकाम करतात त्या पुरुषांचे झाले. २०१९ च्या पाहणीत दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते, स्त्रिया एक्याऐंशी होत्या. हे आकडे मी मुद्दाम कागदावर लिहून आणले आहेत. आज घरी गेल्यावर जेवणाच्या वेळी ते वाचून दाखवावेत. भांडण म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

आता एकेका यंत्राकडे वळू. जे सर्वांच्या घरी लागते त्यापासून आरंभ करते, म्हणजे पंखा.

छताचा जुना पंखा साधारण ७० ते ७५ वॅट वीज घेतो. आता जे नवे पंखे मिळतात, ज्यांना दुकानदार 'बीएलडीसी' म्हणतात, ते २८ ते ३५ वॅटवर तितकाच वारा देतात. त्यांच्या मोटारीत कायमचे लोहचुंबक बसविलेले असते, आणि गुंडाळीत केव्हा किती वीज सोडायची हे आतली एक लहानशी इलेक्ट्रॉनिक पट्टी ठरविते. त्यामुळे वीज उष्णतेत कमी वाया जाते. हिशेब आपणच करू. पंखा रोज बारा तास आणि वर्षाचे आठ महिने चालला, तर जुना पंखा सुमारे २१६ युनिटे खातो. नवा ३० वॅटचा धरला तर सुमारे ८६. एकशेतीस युनिटे वाचली. युनिटाचा दर आठ रुपये धरला, तर एका पंख्यामागे वर्षाला हजार रुपयांच्या वर बचत झाली. आपल्या बिलावर जो दर असेल तो धरून हाच हिशेब घरी करावा, आणि दोन पंख्यांच्या किमतीतील फरक किती वर्षांत भरून निघतो ते पाहावे. ज्यांच्याकडे वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा चालतो, त्यांचा पंखा अर्थातच अधिक वेळ चालेल.

पण येथे तिसरा प्रश्न आड येतो. जुन्या पंख्याची गुंडाळी जळाली तर गल्लीतला वायरमन ती दोन दिवसांत पुन्हा भरून देत असे. नव्या पंख्यातली ती पट्टी गेली तर तो हात वर करतो. माझ्या घरी असा पंखा आहे. तिसऱ्या उन्हाळ्यात तो थांबला, आणि कंपनीचा माणूस येऊन पट्टी बदलीपर्यंत ऐन मे महिन्याचे एकवीस दिवस मी टेबलावरच्या पंख्याच्या वाऱ्यावर काढले. पंखा आजही उत्तम चालतो. तेव्हा तो घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. घेताना पट्टीची हमी किती वर्षांची आणि दुरुस्तीचे ठिकाण आपल्या गावात आहे की नाही, एवढे विचारून घ्यावे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. तेथे अनेक कंपन्यांची दुरुस्तीविषयीची माहिती एकत्र दिलेली आहे. आणि तक्रार करावयाची झाली, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ हा लक्षात ठेवावा.

वस्तूवर चिकटविलेल्या ताऱ्यांविषयीही दोन शब्द सांगते. ही ताऱ्यांची पद्धत आपल्या देशात २००६ साली सुरू झाली, आणि छताच्या पंख्यांना तर २०२३ च्या १ जानेवारीपासून तारे सक्तीचे झाले. दुकानात आपण तारे मोजतो आणि पुढे जातो. पण त्याच चिठ्ठीवर लहान अक्षरांत आणखी दोन गोष्टी छापलेल्या असतात. फ्रिजसारख्या वस्तूवर वर्षाला किती युनिटे लागतील, हे छापलेले असते, आणि ती चिठ्ठी कोणत्या काळासाठी लागू आहे, हेही असते. मोजमाप वेळोवेळी कडक होत जाते, म्हणून पाच वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत. दुकानदार जुना माल स्वस्तात देऊ लागला, तर चष्मा लावून ती चिठ्ठी वाचावी.

दुसरे यंत्र इंडक्शनची शेगडी. हिच्यात ज्योत नाही आणि लाल होणारी तारही नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वेगाने उलटसुलट होणारी वीज खेळविली, की वर बदलते चुंबकक्षेत्र तयार होते, आणि त्यामुळे भांड्याच्या बुडातच वीज फिरून बूड तापते. भांडे उचलले की तापणे थांबले. म्हणूनच तिला ठरावीक भांडी लागतात. घरातले भांडे चालेल की नाही, हे पाहावयाचा सोपा उपाय म्हणजे फ्रिजवर चिकटविलेले लोहचुंबक त्याच्या बुडाला लावून पाहणे. घट्ट चिकटले तर भांडे चालेल. ॲल्युमिनियम, तांबे आणि पितळ यांची साधी भांडी घरगुती शेगडीवर चालत नाहीत. बुडाला बाक असलेली कढईही नीट तापत नाही.

दूध, चहा, वरणभात, उकडणे यांसाठी ही शेगडी फार सोयीची. उन्हाळ्यात ओट्याजवळ उभे राहणे सुसह्य होते, कारण ज्योतीची जी उष्णता बाजूने निघून अंगावर येते ती येथे नाही. भाकरी मात्र तव्यावरून काढून विस्तवावर फुगवावयाची असते, त्याला ती कामाची नाही. तेव्हा गॅस काढून टाकून ही आणावी, असे मी म्हणणार नाही, जोडीला असावी. एक गोष्ट मात्र प्रत्येकीने पाळावी. पूर्ण जोरावर ही शेगडी सुमारे २००० वॅट घेते, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. दिव्याचे किंवा मोबाइलचे साधे सहा अँपिअरचे बटण तिच्यासाठी नव्हे. फ्रिजला किंवा गिझरला असते तसे सोळा अँपिअरचे जाड पिनेचे बटण आणि चांगली अर्थिंग असेल तरच ती लावावी. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसविलेला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि तोवर शेगडीपासून हातभर दूर राहावे.

आता सर्वांच्या मनातले यंत्र, भांडी धुण्याचे. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून त्याच्यावरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. याचा इतिहासही आपल्या अभिमानाचा आहे. अमेरिकेतील जोसेफिन कोक्रेन या बाईंनी १८८६ साली असे यंत्र तयार करून त्याचे पेटंट घेतले, आणि १८९३ च्या शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनात ते मांडले. प्रथम ते घेतले हॉटेलवाल्यांनी. साध्या घरांत त्याला लागणारे भरपूर गरम पाणी तेव्हा नव्हते. घरोघर पोहोचावयास त्याला पुढे कित्येक दशके लागली.

यंत्रात पाणी फार लागेल, अशी आपली समजूत असते. वस्तुतः आजचे यंत्र एका वेळच्या भरगच्च भांड्यांना साधारण ९ ते १२ लिटर पाणी घेते, कारण तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा फवारले जाते. आपण नळ सोडून भांडी विसळतो तेव्हा किती जाते, हे पाहावयाचे असेल तर मोरीत एक बादली ठेवून ती किती मिनिटांत भरते ते घड्याळावर पाहावे. मी पाहिले आहे; आकडा सांगत नाही, प्रत्येकीने आपल्या नळाचा काढावा. पाणी जड असेल तर यंत्रात निराळे जाडे मीठ घालावे लागते, नाहीतर काचेवर पांढरा थर बसतो. बोअरिंगचे पाणी असलेल्या घरांनी हे विसरू नये. स्टीलची भांडी छान निघतात. ॲल्युमिनियम काळे पडते, बिडाचा तवा गंजतो, लाकडी पोळपाट तडकतो आणि तांब्यापितळेची झळाळी जाते. या वस्तू हातानेच घासाव्यात. एका वेळेस यंत्र दीड-दोन तास किंवा त्याहून अधिक घेते, पण ते तास त्याचे. आपल्याला लागतात ते भरण्याचे आणि रिकामे करण्याचे दहा-पंधरा मिनिटे. हे काम कोण करणार, ते यंत्र आणण्यापूर्वीच घरात ठरवावे. ज्याला चारचाकी गाडी दोन गाड्यांच्या मध्ये नेमकी लावता येते, त्याला ताटे खाचेत लावणे अवघड जाऊ नये!

याच संदर्भात एक गोष्ट मनापासून सांगावयाची आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरी भांडी घासावयास बाई येतात. कित्येक तर वीस-वीस वर्षे येत आहेत. आपल्या मुलांना त्यांनी कडेवर खेळविले आहे. यंत्र आले म्हणून महिनाअखेरीस 'उद्यापासून येऊ नका' असे सांगणे शोभत नाही. त्यांच्या घरची चूल त्या भांड्यांवर चालते. दोन-तीन महिने आधी सांगावे, किंवा भांड्यांऐवजी पोळ्या, निवडणे, आजींची सोबत असे दुसरे काम त्याच पगारात द्यावे. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याणासाठी २००८ सालचा कायदा आहे आणि त्याखाली मंडळ आहे. तेथे त्यांची नोंदणी करून देणे हेही आपल्या हातून व्हावे. वाचलेल्या वेळाचा हिशेब करताना त्यांचा वेळ आणि त्यांचा पगार हेही धरले पाहिजेत.

केर काढणारा गोल डबा आता घेऊ. तो प्रकाशकिरण फेकून भिंती आणि टेबलखुर्च्या कोठे आहेत हे मोजतो, खोलीचा नकाशा करतो आणि त्याप्रमाणे फिरतो. सपाट फरशीवर तो चांगले काम करतो, आणि कंबर दुखणाऱ्या भगिनींना त्याचा खरोखरी उपयोग आहे. साधारण दोन सेंटिमीटरचा उंबरठा तो चढतो, त्याहून उंच असला तर अडतो. वायरी, दोऱ्याचे रीळ, पडद्याची झालर यांत तो गुरफटतो. दारातली रांगोळी आणि केर यांतला भेद त्याला कळत नाही, हे दिवाळीत ध्यानात ठेवावे! म्हणजे त्याच्यासाठी आधी आपणच घर आवरावयाचे आणि मग त्याने केर काढावयाचा. ज्या घरात वस्तू जागच्या जागी असतात, तेथेच त्याचा वेळ वाचविण्याचा दावा खरा होतो.

येथे चौथा प्रश्न येतो. अशा काही डब्यांना कॅमेरा असतो. चाचणीसाठी माणसांच्या घरी ठेवलेल्या अशा यंत्रांनी टिपलेली चित्रे, त्यांत एका बाईचे शौचालयातील चित्रही, परदेशातील कामगारांच्या हातून समाजमाध्यमांवर गेल्याचे २०२२ साली अमेरिकेतील एका नियतकालिकाने उघड केले. यंत्राला चित्रे ओळखावयास शिकविण्यासाठी ती माणसांना दाखविली जात होती. म्हणून कॅमेरा नसलेला डबा घ्यावा, किंवा असल्यास तो निजावयाच्या व न्हाणीच्या खोलीत जाऊ देऊ नये. दूरचित्रवाणी, दरवाज्याची घंटा, मुलांची खेळणी, ज्याला ज्याला डोळा आणि कान आहे, त्या प्रत्येकाला हाच नियम लावावा.

मनगटावरच्या घड्याळाविषयी माझे मत चांगले आहे. पावले मोजते, नाडी मोजते. काही घड्याळे हृदयाचे ठोके अनियमित झाले तर सूचना देतात, आणि पडल्याचे ओळखून घरच्यांना कळवितात. एकट्या राहणाऱ्या भगिनींना हा मोठा आधार आहे. परंतु त्वचेला न टोचता रक्तातील साखर सांगतो, असा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या विकत मिळतात, त्यांपासून सावध राहावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत स्पष्ट इशारा दिला, की असे एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. दंडावर चिकटविण्याची जी चकती डॉक्टर देतात ती निराळी. तिची बारीक तार त्वचेखाली जाते. चुकीच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन घेतले तर जिवावर बेतेल. आपल्या मंडळात मधुमेह असलेल्या भगिनी थोड्या नाहीत, म्हणून हे जोर देऊन सांगते.

शेवटी बोलका फोन. आता फोनशी मराठीत बोलले, तर तो लिहून घेतो, इंग्रजी पत्राचा अर्थ मराठीत सांगतो आणि प्रश्नांची उत्तरे देतो. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारनेही २०२२ साली 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. ज्या आजींना अक्षरे दिसत नाहीत किंवा टंकलेखन जमत नाही, त्यांना हे वरदानच म्हणावे लागेल. तो कधीकधी चुकीची गोष्टही अगदी ठामपणे सांगतो, म्हणून औषध, पैसा आणि कायदा यांबाबत त्याचा शब्द अखेरचा मानू नये.

याच विद्येने माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येते. 'आई, मी संकटात आहे, ताबडतोब पैसे पाठव' असा लेकाचाच आवाज फोनवर आला, तरी फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण उलट फोन करावा. घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवावा, जो फक्त घरच्यांनाच ठाऊक असेल. पोलिसांचा वेष करून कोणी चित्रफोनवर 'तुम्हांला डिजिटल अटक केली आहे' म्हणाला, तर तशी अटक आपल्या कायद्यात नाही, हे पाठ करून ठेवावे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवू तितकी पैसे अडविण्याची आशा अधिक.

भगिनींनो, यंत्रे आपल्यासाठी कोणी आपणहून घडवीत नाही. आपण बोललो तर घडवितात. १९६० च्या दशकात परदेशी बनावटीचे मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकत नसत. मुंबईतील एक अभियंते, सत्यप्रकाश माथुर, यांच्या पत्नीचा मिक्सर असाच निकामी झाला, आणि आपल्या स्वयंपाकघराला पेलेल असे यंत्र करावयाचे त्यांनी मनावर घेतले. त्यातून 'सुमीत' हा मिक्सर निघाला. एका गृहिणीची अडचण कोणीतरी ऐकली, आणि लाखो घरांतले पाटे-वरवंटे विसावले.

तेव्हा मंडळापुढे मी दोन सूचना ठेविते. पहिली, आपण मंडळात एक वही ठेवू. कोणी कोणते यंत्र घेतले, बिल किती वाढले वा घटले, बिघाड केव्हा झाला, दुरुस्तीस किती दिवस व किती पैसे लागले, हे ज्या-त्या भगिनीने तीत लिहावे. नवे यंत्र घेणारीने आधी ती वही वाचावी आणि ज्या घरी ते यंत्र आहे तेथे जाऊन ते चालताना पाहावे. दुसरी सूचना, त्या वहीत शेवटी एक रकाना ठेवावा, 'वाचलेल्या वेळात काय केले'. कोणी लिहील 'दुपारी झोपले'. तेही अवश्य लिहावे, त्यात संकोचाचे काही नाही. कोणी ग्रंथालयात जाईल, कोणी पेटी पुन्हा काढील. आपल्या भजनाच्या वर्गाला साडेचार वाजता निम्म्या भगिनी घड्याळ पाहू लागतात. त्यांना साडेपाचपर्यंत बसता आले, तर ते यंत्र पैशास उतरले असे मी समजेन. आणि ज्या घरी तो रकाना वर्षभर कोराच राहील, तेथे पुढचे यंत्र घेण्याआधी कामाची वाटणी करावी.

पुढच्या वर्धापनदिनी ही वही येथे वाचली जावी, अशी माझी इच्छा आहे.